डाव्या हातचा मळ

मिस्टर थर्लबींचा डावा हात मांडीवर पडून असतो,
चुकून दुसऱ्या कुणाचा सामानात आला असावा तसा.
मी सोमवारी आणि गुरुवारी जाते,
बोटं एकेक करून उलगडते,
दहापर्यंत मोजते, फॉर्म भरते.
ग्रिम्सबीत डिसेंबरात चारलाच दिवस संपतो,
गोदीकडून बर्फाचा आणि हॅडकचा वास येतो.
ते म्हणतात, कसला वास?

गिटार कपाटावर होती. मीच विचारलं.
'चौऱ्याहत्तर साली,' ते म्हणाले,
'क्लीथॉर्प्सच्या हॉलमध्ये शनिवारचं शेवटचं गाणं हेच.
दिवे कमी करायचे.
आठवडाभर मासे कापलेली पोरं
पोरींना जवळ घ्यायची, आणि पोरी
कितीही साबण लावला असला तरी...'
मग थांबले.
उजव्या हातानं तारा छेडल्या.
मोकळ्या तारा, सगळ्या उतरलेल्या.

मी मिरजेची.
आमच्या गल्लीत तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडलेले असायचे,
शाळेत जाताना मी त्यांना वळसा घालायचे.
जवारी लावताना मान तिरकी करून ऐकणारे
मुसाकाका अजून डोळ्यांपुढे आहेत.
वाजवायला मला कुणी शिकवलं नाही,
मीही कधी मागितलं नाही.

म्हटलं, डावा हात मी होते.

त्यांच्या डाव्या अंगाला खुर्ची सरकवली,
गिटारची मान माझ्याकडे, पोट त्यांच्याकडे.
'जी. करंगळी खाली, अजून खाली.
आता डी. आता ई मायनर,
हा तर मांजरालाही येतो.'
त्यांचा उजवा हात पन्नास वर्षं मागे जाऊन
सावकाश चालत यायचा, एकेक तार मोजत,
आणि मी उशिरा पोचायचे,
बस चुकल्यासारखी.
एफ आला की संपलंच.
तर्जनी आडवी, सहाही तारांवर,
आणि एक तार हमखास मुकी.
'राहू दे मुकी,' म्हणायचे, 'गर्दीत कळत नाही.'
गर्दी म्हणजे ते, मी आणि रेडिएटर.

आमच्यात सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात,
हे त्यांना सांगायला गेले.
मळ कसला? कुणाचा? धुतला का नाही?
मला इंग्रजी पुरलं नाही.
ते हसले, चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूनं.
तोवर माझ्या बोटांना घट्टे पडले होते,
तव्यावरची पोळी उलटताना चटका कळेना.

फॉर्मवर एक रकाना असतो: प्रगती.
त्यात मी 'नाही' लिहीत राहिले,
दर गुरुवारी, स्वच्छ अक्षरात.

मार्चमध्ये एकदा जमलं.
गाणं जिथे चढतं, जिथे ड्रम यायचे म्हणे,
तिथे ते पायानं ताल देऊ लागले,
उजव्या पायानं, अर्थात,
आणि मी न बघता पोचले, प्रत्येक ठिकाणी, वेळेत.
त्यांची मुलगी जोॲन दारात,
दोन्ही हातांत पिशव्या, कोट तसाच.
शेवटचा सूर विरेपर्यंत हलली नाही.
मग म्हणाली, वाटाणे वितळतायत,
आणि आत जाऊन बराच वेळ
फ्रिज उघडा ठेवून उभी राहिली.

मे महिन्यात तिनं त्यांना लीड्सला नेलं.
गिटारही गेली. माझी फाईल बंद.

मी धर्मादाय दुकानातून एक घेतली, तीस पौंडांना.
डाव्या हाताला गाणं सगळं पाठ आहे,
न चुकता, अंधारातसुद्धा.
उजवा नुसता तारांवर ठेवलेला,
कधी सुरू करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
शिकवून बघितला. शिकतही होता.
मग मीच सोडून दिलं.

आता रात्री नुसता डावाच चालतो.
जी, डी, ई मायनर.
तारेवरून बोट सरकल्याची बारीक खसखस,
बाकी काही नाही.
खालचा टोमाश जिन्यात भेटला की विचारतो,
गिटार घेतलीस ना? कधी ऐकू येत नाही.
एफ आता स्वच्छ लागतो की नाही
हे कळायला मलाही काही मार्ग नाही.